चौथ्या खणातल्या सपाता

२ डिसेंबर

पोचले एकदाची! बसमध्ये हाडं खिळखिळी झाली, एका पिशवीचा बंद तुटला, आणि शेवटच्या वळणांवर सकाळचा चहा गळ्यापर्यंत येऊन परत गेला. पण घर बघितलं आणि सगळं विसरले. शाळेपासून पायवाटेनं उतरत आलं की उताराच्या टोकाशी हे लाकडी जमिनीचं दुमजली घर. मागे झाडं, पुढे उघडं माळरान, शेजारपाजार नाही. मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून शाळेचं छप्पर दिसतं. खाट करकरते, पण माझेही गुडघे करकरतात, तेव्हा जमेल आमचं.

घरात तिघं आहेत. घर सांभाळतात आणि रांधतात त्या मावशी. कुणाच्या मावशी ते विचारायचं नाही, सगळ्यांच्याच. दुसरी शाळेच्या दवाखान्यातली नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणतात. गोड आहे, पण नखं पार खाऊन ठेवली आहेत. तिसरे मुलांना सुतारकाम शिकवणारे मिस्त्री. दुनियेची कुलपं बसवतात, स्वतःच्या तोंडाला काही बसवलेलं नाही. मला बघताच म्हणाले की फुकट शिकवायला येणारी माणसं दोनच प्रकारची, एक साधू आणि दुसरी घरातून पळालेली. मी म्हटलं, तिसरा प्रकार मांडून ठेवा, बँकेतून लवकर निवृत्त झालेली आणि बहिणीच्या उपदेशाला विटलेली. शाळेच्या बाई पलीकडच्या वस्तीत राहतात, त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत, नाताळच्या सुट्टीपर्यंत वर्ग सांभाळायला कुणी मिळेना, म्हणून मी. निघताना ताईनं ऐकवलंच होतं, घरचं झालं थोडं म्हणून.

या घराची एक रीत दारातच शिकले. बाहेरचे बूट काढून शेगडीपाशी वाळत ठेवायचे आणि घरात लोकरीच्या सपाता घालायच्या. दाराशी भिंतीला एक लाकडी मांडणी आहे, चार खणांची, एकेकाला एकेक खण. बाहेर जाताना सपाता खणात ठेवायच्या, आल्यावर घालायच्या. कुणी सांगायच्या आतच मी चौथ्या खणातल्या राखाडी सपातांत पाय घातले. टाचेला लाल दोरा भरलेला. पायाला अशा बसल्या की मापानंच केल्यात. मावशी चहा ओतत होत्या, त्यांचा हात मध्येच थांबला. मग म्हणाल्या, असू दे, घाल, इथे आधी राहायच्या त्या बाईंच्या होत्या. सिस्टर तेवढ्यात उठून आत गेली.

जिन्याखाली फोन आहे. लाइन खरखरते, पण लागते. अप्पांशी बोलले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन सव्वीस तारखेला ठरलं आहे. आता त्यांना नुसता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. हट्ट असा की तू शेजारी असलीस तरच टेबलावर झोपेन, नाहीतर डॉक्टरनं स्वतःचेच डोळे कापून घ्यावेत. पुढे ढकललं तर जे थोडं वाचायचं तेही वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. चोवीसला सकाळच्या बसनं निघायचं आणि संध्याकाळी घरी, असा शब्द दिलाय. अप्पा म्हणाले, दार वाजवू नकोस, मला पावलांवरून कळेल. लहानपणी झाडावरून पडले तेव्हापासून माझा डावा पाय चालताना किंचित घासतो. जगाला ते व्यंग वाटतं. अप्पा म्हणतात, ती माझ्या पोरीची सही आहे.

५ डिसेंबर

वर्ग मजेचा आहे. पोरं फळ्यापेक्षा माझ्याकडे जास्त बघतात. एकीनं विचारलं, तुमचा पाय असाच आहे की तुम्ही मुद्दाम करता? मी म्हटलं, मुद्दाम. तर मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग डावा पाय घासत मैदानभर. हसून पोट दुखलं. दुपारनंतर नाताळच्या कार्यक्रमाची तालीम आणि कागदी चांदण्या. कात्र्या मोजून परत घेणं हे शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे.

ही वही मी शाळेच्या पिशवीतच ठेवते. मधल्या सुट्टीत उजेड चांगला असतो, घरातल्या दिव्याखाली अक्षरं नाचतात.

आज घराची दुसरी रीत कळली. घराला दार एकच, आणि माळावरचा वारा त्याची कडी टिकू देत नाही. मिस्त्रींनी कितीदा दुरुस्त केली, वाऱ्यानं तितकेदा उखडली. म्हणून अंधार पडला की दाराला आतून अडसर घालायचा, चांगला मांडीएवढा जाड ओंडका. घालण्याआधी मावशी फक्त मांडणीकडे बघतात. चारही खण रिकामे, म्हणजे सगळ्यांच्या सपाता पायांत, म्हणजे सगळे घरात. हाका नाहीत, चौकशा नाहीत. मी म्हटलं, माणसंच मोजली तर? मावशी म्हणाल्या, काही माणसं घरात असून नसल्यासारखी असतात, सपातांचं तसं नसतं. आणि मिस्त्रींकडे बघितलं. ते पाव चावत म्हणाले, नव्या बाईंना नव्याचे नऊ दिवस होऊ द्या, मग त्याही अशाच टोमणे खातील.

९ डिसेंबर

थंडी वाढली. सकाळी बादलीतलं पाणी वर कडक झालेलं असतं, मग्यानं ठोकावं लागतं. बाकी सगळं छान. माझ्या हातची बटाट्याची भाजी मिस्त्रींना इतकी आवडली की मावशींनी भांडं आदळलं. त्यावर मिस्त्री म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. दोन्ही अर्थी खरं होतं, भाजीत मिरी जास्त पडली होती.

एक गंमत. मिस्त्री आज सर्दी झाली म्हणून घरीच होते. जेवताना म्हणाले, बाई, दुपारी किती येरझाऱ्या घालता हो, माझ्या डोक्यावर नुसतं टप-घस, टप-घस. मी म्हटलं, दुपारी मी वर्गात होते. ते हसले, मला वाटलं आता माझी चाल करून दाखवणार, पण नाही. म्हणाले, ताप असेल मला. मावशींनी लगेच सूप वाढायला घेतलं. सिस्टर जेवली नाही.

११ डिसेंबर

वर्गातल्या एका मुलीनं तक्रार केली. काल संध्याकाळी ती आईबरोबर पायवाटेनं जात होती, मी वरच्या खिडकीत उभी होते, तिनं हात केला आणि मी ओळखच दाखवली नाही. काल संध्याकाळी मी शाळेतच चांदण्या दोऱ्यात ओवत बसले होते. तिला सांगितलं, चष्मा नव्हता म्हणून दिसलं नसेल. उगाच पोरीला काय घाबरवायचं.

घरी आले, बूट काढले, चौथ्या खणातून सपाता घेतल्या. ऊबदार होत्या. बाहेर एवढी हाडं गोठवणारी थंडी, मांडणी दाराच्या फटीशी, शेगडी पार त्या टोकाला. कुणीतरी आत्ताच काढून ठेवाव्यात तशी ऊब. सिस्टरला विचारलं, तू घातल्या होत्यास का? तिचा चेहरा असा झाला की मीच विषय बदलला.

१४ डिसेंबर

सिस्टरनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. आज दवाखान्यात मुलीचा गुडघा बांधून घ्यायला गेले होते, मुलगी गेल्यावर तिनं दार लोटलं आणि घडाघडा बोलायला लागली.

दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. आधीच्या बाई शाळेतली सजावट उतरवायला थांबल्या होत्या. सिस्टरनं स्वतःच्या सपाता धुतलेल्या, शेगडीपाशी वाळत होत्या. जमीन गार, पाय बधिर, म्हणून तिनं चौथ्या खणातल्या घातल्या. पाच मिनिटांसाठी. मावशींनी मांडणी बघितली, चारही खण रिकामे, अडसर घातला. जेवताना बाईंची खुर्ची रिकामी होती. मिस्त्री म्हणाले, सकाळपासून डोकं दुखत होतं त्यांचं, वर झोपल्या असतील. सपाता नाहीत म्हणजे आत आहेतच. दार वाजत होतं, पण वाऱ्यानं ते रोजच वाजतं. मिस्त्रींनी रेडिओ मोठा केला. मध्ये एकदा सिस्टरला ऐकू आलं, कुणीतरी म्हणतंय, मी आहे, बाई. तिनं जिन्याकडे बघितलं. तिला वाटलं, आवाज वरून आला.

सकाळी अडसर काढला तर दार उघडेना. बाहेरून बाई दाराला टेकून बसलेल्या होत्या.

सिस्टर रडत नव्हती, नखं खात होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मग पुढचं सांगितलं. गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी, तिघंही घरात, अडसर घातलेला, आणि दार वाजलं. मी आहे, बाई. मिस्त्रींनी धावत जाऊन उघडलं. बाहेर कुणी नाही, नुसता गार वारा आत आला आणि बराच वेळ घरभर फिरत राहिला. सकाळी राखाडी सपाता चौथ्या खणात नव्हत्या. जेवणाच्या टेबलाखाली होत्या, चौथ्या खुर्चीसमोर, जोडून. तेव्हापासून मावशींनी शपथ घातली आहे. एकदा अडसर पडला आणि खण रिकामे असले की देव आला तरी दार उघडायचं नाही.

आणि मी त्या पायात घालून घरभर हिंडतेय.

१५ डिसेंबर

आज मी त्या जाळल्या.

मावशींना सांगितलं, मला दुसऱ्या द्या, या घालणार नाही. त्या म्हणाल्या, नको घालूस, पण खणात राहू दे, तिचं घर होतं, तिच्या पायांना काहीतरी नको का? म्हणजे जाणूनबुजून ठेवल्या होत्या! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, जिवंत माणसाला मेलेल्याचं काय म्हणून घालायला देता? शेगडीचं झाकण काढलं आणि दोन्ही आत टाकल्या. लोकर जळल्याचा वास घरभर पसरला. मावशींनी खिडकी उघडली, परत लावली. मग एवढंच म्हणाल्या, आता ती कुणाच्या घालील गं?

मिस्त्रींनी वातावरण हलकं करायला म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, जळल्या ते बरं झालं. पण माझ्या खोलीच्या दाराला आतून खिट्टी ठोकून दिली. मी मागितली नव्हती.

सिस्टरनं तिच्याकडच्या नव्या निळ्या सपाता मला दिल्या. थोड्या सैल आहेत. चौथ्या खणात ठेवते.

१८ डिसेंबर

तीन दिवस शांतता. टप नाही, घस नाही. मीच मिस्त्रींना चिडवलं, ताप उतरला वाटतं. पोरांची तालीम रंगली आहे. मेंढपाळ झालेला मुलगा काठी विसरतो आणि छत्री घेऊन उभा राहतो. मुलींनी मिळून अप्पांसाठी लोकरीचा मफलर विणायला घेतलाय. एक टोक रुंद, एक अरुंद. अप्पांना दिसणार नाही, पण हाताला कळेल आणि ते त्यावर दहा विनोद करतील.

बघितलं? जाळल्यानंच सुटलं. उगाच मनाला लावून घेतलं होतं.

२० डिसेंबर

निळ्या सपाता आज घरी आल्यावर ऊबदार होत्या.

माझ्या सपाता. सैल होत्या त्या, आता एका अंगानं दबल्यात. डाव्या सपातीचा तळवा पुढे झिजलाय. पाच दिवसांत? मी मुद्दाम घासून बघितलं, मी इतकं नाही घासत. कुणीतरी सराव केल्यासारखं.

२१ डिसेंबर

संध्याकाळी घरी फोन केला. ताई म्हणाली, परत? कालच तर केलास. मी म्हटलं, काल मी केला नाही. तिला वाटलं मी थट्टा करतेय. म्हणाली, काल तू काही बोललीच नाहीस, लाइनच तशी असणार, पण मागे तुझी पावलं ऐकू येत होती. अप्पा रिसीव्हर कानाला लावून कितीतरी वेळ बसले होते. ताईला म्हणाले, तीच आहे, चालतेय बघ, मला सांगतेय की निघतेय.

अप्पांना फोन द्यायला सांगितलं. आधी रागावले, म्हणाले काल का नाही बोललीस. मी सांगितलं, अप्पा, ती मी नव्हते. ते हसले. म्हणाले, मला डोळे नाहीत, कान आहेत, तुझी चाल मी लाखात ओळखीन.

मी काय सांगणार होते? सव्वीसला ऑपरेशन आहे, बोलून त्यांना घाबरवू? रिसीव्हर ठेवला.

जिन्यावर कुणी नव्हतं. मी बघितलं.

२२ डिसेंबर

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना विचारलं, दोन दिवस शाळेतच झोपू का. म्हणाल्या, शेगडी नाही, गारठून मराल, दोनच दिवस तर आहेत. आजच निघायचं तर पुढची बस चोवीसलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जाळायला नको होत्या.

सिस्टरला सांगितलं. तिघांनाही सांगितलं, आणि हेही की उद्या अडसर पडल्यावर काही झालं तरी दार उघडायचं नाही. मावशी म्हणाल्या, उद्याची संध्याकाळ घरातून हलू नकोस. मिस्त्री म्हणाले, खुर्चीला बांधून ठेवू. कुणी हसलं नाही, ते स्वतःसुद्धा.

जेवताना मी दोनदा माझ्या पायांकडे बघितलं. सपाता पायांतच होत्या. पण मावशी भाजी वाढताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, मघाशी घेतलीस ना? मी घेतली नव्हती.

२३ डिसेंबर, दुपार

कार्यक्रम झाला. मेंढपाळानं छत्रीच आणली. टाळ्या वाजवताना मला रडू आलं, का ते मला माहीत आहे. उद्या सकाळी बस. सामान बांधलंय, जिन्याशी ठेवलंय. अप्पा, शब्द पाळतेय.

घरी आले आहे. मावशी मागे सरपण रचतायत, मिस्त्री कसलीशी फळी ठोकतायत. बाहेर अजून लख्ख ऊन आहे.

मफलर! मफलर वर्गातच राहिला. फळ्याशेजारच्या खिळ्याला. पोरींनी इतक्या जिवानं विणलाय, तो न घेता जाऊ? आत्ता गेले तर अंधाराच्या आत परत. सपाता काढून नीट खणात ठेवल्या, दोनदा बघितलं. जिन्यातून वर ओरडले, सिस्टर, शाळेत जाऊन लगेच येते गं. वरून हो आलं. आता निश्चिंत.

हे दारात उभ्या-उभ्याच लिहिलं. निघते. निघते म्हणू नये, येते.

२३ डिसेंबर

पायरीवर आहे. खिडकीतून पडतोय त्या उजेडात लिहितेय. बोटं धड वळत नाहीत.

वाटेत धुकं आलं. एकदम. पायवाट दिसेना, कुंपण हाताला धरून आले. तरी अंधार पडायच्या बेतातच पोचले, पूर्ण नव्हता पडला. दार लागलेलं. ढकललं. अडसर.

शाळेत शिरताना दवाखान्यात सिस्टर दिसली होती, घाईत तेव्हा काही सुचलं नाही. औषधं आवरत होती. मी मफलर घेऊन बाहेर येईतो ती पुढे निघून गेली घरी. मग मघाशी वरून हो कोण म्हणालं?

दार वाजवलं. ओरडले, मी आहे, बाई.

आणि ओरडल्यावर कळलं, काय ओरडले ते.

शाळेला आता कुलूप, मी निघाले तेव्हाच मोठ्या बाई लावून गेल्या. पहारेकरी दुपारीच सुट्टीवर गेला. पलीकडची वस्ती दूर, धुक्यात—

खिडकीला गज आहेत. काचेवर वाफ. पुसली तरी आतल्या बाजूनं. पण दिसतंय. चौघं जेवायला बसलेत. मावशी. मिस्त्री. सिस्टर. आणि खिडकीकडे पाठ करून, माझी तपकिरी शाल, माझा अंबाडा, टेबलाखाली निळ्या सपाता.

सिस्टर तिच्याशी बोलतेय. मान वळवून, अगदी जवळ जाऊन, रोज माझ्याशी बोलते तशी.

काच वाजवली. तिघंही पांढरे पडले. मिस्त्री मोठ्यानं म्हणाले, खण चारही रिकामे आहेत, बाई आपल्यात बसल्यात, कुणी उठायचं नाही. मी हाका मारल्या. सिस्टर, या सपाता तूच दिल्यास ना मला, निळ्या, सैल होत्या बघ! तिनं दोन्ही कान गच्च दाबले. शालवालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटलं.

मावशी उठल्या. मला वाटलं दाराकडे. पडदा ओढला.

रेडिओ मोठा झालाय.

दगडानं दार ठोकलं. हाताची सालटं निघाली. ऐकतात सगळे. सगळे ऐकतात, म्हणूनच उघडत नाहीत. मीही उघडलं नसतं. मी काल त्यांना स्वतः सांगितलं होतं, काही झालं तरी—

चालत राहिलं पाहिजे. बसायचं नाही. पायरीवर बसायचं नाही.

मफलर गळ्यात घातलाय. रुंद टोक तोंडावर.

थोडा वेळ गेला. किती, कळत नाही. रेडिओ बंद. खुर्च्या सरकल्या. आत कुणीतरी चालतंय. जिन्यापाशी. माझी बॅग उचलून बघितली, कडी वाजली, बंद तुटलाय तिची. टप. घस. टप. घस. डावा पाय. जसा माझा, तसाच. माझ्यापेक्षाही—

पहाटे मावशी अडसर काढतील. तिला बसमध्ये बसवून देतील. डबा देतील.

उद्या संध्याकाळी. अप्पा जिन्याकडे कान लावून बसतील. ताईला म्हणतील, वाजवू देऊ नकोस, आलीच बघ.

बसले नाहीये. फक्त दाराला पाठ टेकलीये. पाय उभे राहात नाहीत म्हणून, एवढंच—

थंडी आता वाजत नाही. हे बरं नाही. लिहीत राहायचं. सकाळी वही मिळेल कुणाला तर घरी फोन करा, अप्पांना सांगा, पावलं ऐकू नका, तिला बोलायला लावा, मफलर कुठे आहे विचारा, माझ्याकडे आहे, माझ्या गळ्यात

चाल थांबली. दाराच्या पलीकडे. अगदी इथे, पाठीमागे. तीही टेकून बसलीये.

अप्पा, ती आली तर दार उघडू न